प्रोटॅपिरसची दाढ

औरंगपुऱ्यातल्या दातांच्या डॉक्टरांनी परवा माझ्या दाढेचा साचा काढला आणि ओल्या प्लास्टरच्या वासानं मला कॉलेजची प्राणिशास्त्राची प्रयोगशाळा आठवली. तिथल्या कपाटात नामशेष आणि आजच्या प्राण्यांच्या दातांच्या प्लास्टरच्या प्रतिकृती होत्या. सिल्लोडहून आलेली माझी मैत्रीण त्या नुसत्या बघून ओळखायची आणि सर वर्गात तिचंच कौतुक करायचे. माझ्या पोटात दुखायचं. एकदा ती वर्गापुढं बोलणार होती, त्याआधी मी प्रोटॅपिरसच्या दाढेवरची चिठ्ठी काढून तिथं डुकराची चिकटवली. तिनं दाढ बोटांनी चाचपली आणि म्हणाली, "सर, डुकराच्या दाढेवर गाठी असत्यात. हिच्यावर आडवे दोन कंगोरे हायेत. हा प्रोटॅपिरस, आजच्या टॅपिरचा लई जुना पूर्वज. दिसायला डुकरासारखा, पण कूळ घोड्या-गेंड्याचं." चिठ्ठी कुणी बदलली, असं सरांनी दरडावून विचारलं. माझ्या बोटांना डिंक अजून चिकटलेला होता आणि तो तिला दिसला. "पुसताना माझ्याच हातून अदलाबदल झाली असंल, सर," ती शांतपणे म्हणाली. मी बोटं ओढणीला पुसली. त्या दिवशी मला तिचा सगळ्यात जास्त हेवा वाटला आणि खरं सांगायचं तर अजूनही वाटतो.