कोटाची दोन भोकं

टीव्हीवर बंदुकांच्या इतिहासाचा कार्यक्रम लागला की माझं डोकं फिरतं. नळीची लांबी, गोळीचा पल्ला, सगळं कसं कौतुकाने सांगतात. मला गिरगावातला एक रफूवाला आठवतो. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही.

संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चावर गोळीबार झाला, तेव्हा दादाच्या खांद्यातून गोळी आरपार गेली. जमाव अंगावर धावून आला म्हणून झाडली, असं सरकारने सांगितलं. दादा वाचला, पण त्याच्या ऑफिसच्या एकुलत्या कोटाला मागेपुढे भोकं पडली. तो घेऊन मी रफूवाल्याकडे गेले.

त्याने चष्मा कपाळावर ढकलला, दोन्ही भोकांवरून बोट फिरवलं आणि कोट उलटा करून बराच वेळ पाहिला.

"अस्तराचे धागे पुढच्या भोकातून बाहेर आलेत, ताई. म्हणजे गोळी पाठीतून शिरली. अंगावर धावून जाणाऱ्याला पाठीत गोळी लागते होय?"

सुई ओवता ओवता तो थांबला.

"बुजवू, की असाच ठेवता?"

त्याने रफू केलेली जागा शोधूनही सापडायची नाही, हे अख्ख्या गिरगावाला ठाऊक होतं. मलाही.

"बुजवा," मी म्हटलं. दादाला नोकरीवर परत जायचं होतं.