चार-तीन आणि तीन-चार

अकरावीच्या वार्षिक परीक्षेत मी गणितात एकतीस गुणांवर आपटले. पास व्हायला पस्तीस लागत. सहा गुणांच्या एका उदाहरणावर सरांनी लाल फुली मारली होती: दोन फासे टाकले तर बेरीज सात येण्याची संभाव्यता किती? मी लिहिलं होतं, एकवीसपैकी तीन. सरांचं उत्तर छत्तीसपैकी सहा.

पेपर दाखवायच्या दिवशी मी सरांशी भांडले. जळगावच्या त्या कॉलेजात खेड्यातून आलेली मुलगी मी एकटीच, पण तोंड काही गप्प बसायचं नाही. "सर, चार-तीन एकदा मोजलं, मग तीन-चार परत कशाला मोजायचं? एकच तर आहे ते!" सर घड्याळाकडे बघत म्हणाले, "दोन फासे म्हणजे छत्तीस. पाठ कर आणि जूनमध्ये फेरपरीक्षेला बस." पाठ कर! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. चुकलं असेल तर का चुकलं ते सांगा ना.

माझं उत्तर काही हवेतून आलं नव्हतं. एरंडोलजवळच्या आमच्या गावात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, बायका झोके घेतात, गाणी म्हणतात आणि पुरुष फासे नाहीतर पत्ते खेळतात. वर्षभर फाशाला हात लावला तर घरात शिव्या. त्या एका सणाला कुणी काही बोलत नाही. आमच्या खेळात पडलेलं दान मोठ्याने पुकारायचं, आणि मोठा आकडा आधी. चार-तीन पडो की तीन-चार, पुकारा एकच, "चार-तीन!" तीन-चार असं दान आमच्याकडे नव्हतंच. नानांच्या, म्हणजे वडिलांच्या, मांडीवर बसून मी ती दानं शिकले होते. "मनी आंडेर," माझी लेक, असं ते तेव्हा सगळ्यांना कौतुकाने सांगायचे. सगळी मिळून एकवीस.

घरी आले तर नानांनी निकाल ऐकला आणि शांतपणे म्हणाले, "जूनमध्ये पास झालीस तर पुढे शीक. नाही झालीस तर बस झालं. जामनेरचे लोक विचारत आहेत." जामनेरचं स्थळ शेजारच्या आबांनी आणलं होतं. मुलगा चांगला होता म्हणे. असेल! मला कॉलेज हवं होतं, बस.

त्या रात्री उशीत तोंड खुपसून रडले. सकाळी उठून नानांकडे फासे मागितले. "आखाजीपर्यंत द्या. सर खोटे की मी, ते बघायचंय." नाना उठले. मग फडक्यात बांधलेले दोन पांढरे फासे त्यांनी काढून दिले.

मी ओसरीत गोणपाट पसरलं, जर्मनचा पेला घेतला आणि सुरू केलं. जुन्या कॅलेंडरच्या मागे एकवीस रकाने आखले, दान पडलं की रेघ मारायची. रोज शंभर दानं. आईचं डोकं उठलं. "काय खडखड लाई ऱ्हायनी वं? पोळ्या कोण करी?" पोळ्याही केल्या, पण शंभर पुरी झाल्याशिवाय उठले नाही.

दहा दिवसांनी हजार दानं झाली. माझं खरं असतं तर प्रत्येक रकान्यात अठ्ठेचाळीसच्या आसपास रेघा हव्या होत्या. सहा-पाचच्या भरल्या अठ्ठावन्न आणि सहा-सहाच्या सव्वीस. जोडीची सहाही दानं अशीच मागे, बाकीची पंधरा जवळजवळ दुप्पट. हातच्या कांकणाला आरसा कशाला? मी चुकले होते. सर बरोबर होते, याचा राग आधी आला. पण का, ते अजून कळत नव्हतं, आणि कळल्याशिवाय मी छत्तीस लिहिणार नव्हते. नापास झाले तरी बेहत्तर, असंही एकदा मनात आलं, पण जामनेर आठवलं आणि परत पेला उचलला.

आखाजीच्या आदल्या दिवशी अक्का आली. माझी मोठी बहीण, सावद्याला दिलेली. दहावीनंतर तिचं शिक्षण थांबवलं होतं. रेघांनी भरलेला कागद बघून ती हसली. "अगं, वेड लागलंय का तुला? आण, एक मला दे." एक फासा तिने घेतला, एक माझ्याकडे ठेवला. टाकले. माझा चार, तिचा तीन. परत टाकत बसलो. बऱ्याच वेळाने माझा तीन, तिचा चार.

"आता तुझा चार पडला, मघाशी माझा," मी म्हटलं आणि थांबले. मघाशी चार माझा होता! आता अक्काचा! हे दोन वेगळे प्रकार होते, आणि गावाने पुकारताना त्यांना एक करून टाकलं होतं. सहा-सहाला मात्र दोघींनाही सहाच पडायला हवे, त्याला दुसरी वाटच नाही. माझ्या फाशाच्या सहा तोंडांपैकी प्रत्येकाबरोबर तिच्या फाशाची सहा. साही सक छत्तीस! मी ओरडले तशी आई आतून धावत आली.

अक्काने पिशवीतून लाल नेलपॉलिश काढलं आणि एक फासा रंगवून टाकला. "घे. आता कुणी एक म्हणणार नाही." मग माझा हात धरून म्हणाली, "माझं राहिलं ते राहिलं. तू मागे फिरू नकोस हं." तिचे डोळे भरले होते. माझेही.

दुसऱ्या दिवशी नानांनी निंबाखाली मंडळींसमोर फडकं सोडलं आणि एक फासा लालभडक निघाला. "हाई काय करं?" नाना गरजले. आबांनी कपाळाला हात लावला, "बठ्ठा खेय बिघाडी टाका पोरनी!" सगळा खेळच मी बिघडवला म्हणे. मी झोक्यावरून उतरून गेले. दोन्ही फासे उचलले. "नाना, रंग लावल्याने फासे वेगळे पडत नाहीत. आधीही वेगळेच पडत होते, आपण पुकारत नव्हतो." लाल तीन-पांढरा चार आणि लाल चार-पांढरा तीन त्यांच्यापुढे मांडून दाखवले. कागद दाखवला. नानांनी एकेका रकान्यावरून बोट फिरवलं.

"पास व्हय, मंग बोल," एवढंच म्हणाले.

जूनच्या पेपरात फासे आले नाहीत! दोन नाणी आणि पत्त्यांचा कॅट आला. पण आता मला प्रत्येक नाणं वेगळं दिसत होतं. छापा-काटा आणि काटा-छापा दोन्ही मोजले. गणितात बावन्न पडले. नानांनी निकालाचा कागद दोनदा वाचला, खिशात घातला आणि शेताकडे गेले. जामनेरला काय कळवलं, कळवलं की नाही, मला कुणी सांगितलं नाही. विचारायची हिंमत मला झाली नाही. एवढी भांडकुदळ मी, पण नाही झाली.

पुढच्या आखाजीला बारावीची परीक्षा देऊन घरी आले. निंबाखाली डाव बसला होता. फासा अजून लालच होता. नेलपॉलिश कोपऱ्यांवर उडालं होतं, पण कुणी खरवडलं नव्हतं. मी पाण्याचा तांब्या घेऊन गेले तेव्हा आबा नानांना म्हणत होते, "जामनेरवाले अजून थांबलेत. आता तरी हो म्हण."

नानांनी पेला हलवला आणि फासे टाकले. वाकून बघितलं.

"पांढरा चार, लाल तीन," त्यांनी मोठ्याने पुकारलं. मग आबांकडे बघत म्हणाले, "मनी आंडेर शिकी ऱ्हायनी."