काट्यावर उभं राहण्याआधी

रोज सकाळी वजनकाट्यावर उभं राहण्याआधी बाबा केस विंचरतात. त्यांचं हृदय थकलंय. अंगात पाणी साठू लागलं की आधी वजन वाढतं, म्हणून हॉस्पिटलने हा काटा घरी दिलाय. त्यावरचा आकडा आपोआप तिकडच्या सिस्टरना दिसतो.

"अहो बाबा, काट्याला केस दिसत नाहीत," मी एकदा हसून म्हटलं.

"काट्याला नसतील दिसत. पण पलीकडे माणूस बसलंय ना!"

गेल्या महिन्यात त्याच माणसाचा फोन आला. "काका, दोन दिवसांत दोन किलो वाढलंय. पाय सुजलेत का?" मी त्यांचे मोजे काढले. बोटाने दाबलं तिथे खळगा पडला. एकाच घरात राहून, रोज त्यांच्यासमोर चहा ठेवूनही मला ते दिसलं नव्हतं. डॉक्टरांनी गोळ्या बदलल्या आणि सूज उतरली.

"कसे आहात?" असं आपण विचारतो आणि उत्तर यायच्या आत पुढे सरकतो. ही कधी न पाहिलेली बाई मात्र रोज सकाळी उत्तराची वाट पाहत असते. तिचे आभार कसे मानायचे, मला सुचत नव्हतं. बाबांना ते केव्हाच सुचलं होतं.

आज कंगवा सापडत नव्हता. मी आधी तो शोधून दिला, मग काटा पुढे सरकवला.