मोटार की दगड

दुष्काळाच्या आदल्या वर्षी आमच्या पिठाच्या गिरणीची गिऱ्हाइकं शेजारच्या वाडीला जाऊ लागली. तिथे नवी गिरणी निघाली होती. पारनेरकडच्या आमच्या गावातल्या बायका डोक्यावर पाटी घेऊन, ओढा ओलांडून दळायला जायच्या आणि परत येताना आमच्या दारावरून मान वळवून जायच्या. असंच चालू राहिलं असतं तर उन्हाळ्यापर्यंत गिरणीला कुलूप लागलं असतं. घरात दुसरी रोजची आवक नव्हती. आमच्या यजमानांची शाळामास्तरकी देवळाली प्रवऱ्याला. सुट्टीला आले की म्हणायचे, तुम्ही दोघं काय ते ठरवा. दोघं म्हणजे मी आणि माझे धाकटे दीर.

शेतातल्या कांद्याचे पैसे आले होते. त्यात एकच मोठी वस्तू बसत होती. मोटारीवरून गिरणी फिरवणारा पट्टा दोन ठिकाणी शिवलेला होता, पण राळ लावली की तो घसरत नसे. तो राहू दे म्हटलं. उरली मोटार आणि दगडांची जोडी.

दिरांचं मत पक्कं होतं.

"वहिनी, आपली साडेसात हार्सपावरची मोटार दमती. श्रीगोंद्याच्या एका बागायतदाराची धाची हाय, वापरलेली. रविवारच्या आत हो म्हनायचं हाय."

"दमते कशानं?"

"वझ्यानं."

"मग ओझं कमी करा."

"दळायचं न्हाई म्हनता व्हय? गिरनीला कुनी सुट्टी देतं का?"

मला ते पटलं नव्हतं. दळायला उशीर होतो, ही बायकांची तक्रार नव्हतीच. आमच्याकडे बाजरी खातात. बाजरीचं पीठ फार टिकत नाही, कडू होतं, म्हणून बायका थोडं थोडं, पण वरचेवर दळून नेतात. तेव्हा गिऱ्हाईक टिकतं ते पिठाच्या जातीवर. पलीकडच्या आळीतल्या एका म्हातारीने मला तोंडावर सांगितलं होतं, "तुज्या पिठाला विरी न्हाई गं. भाकर हातावर घेतली की फुटती. सून म्हनती सासूला थापता येत न्हाई, आन् म्या म्हनते सुनंला येत न्हाई. दोघींत भांडान लावलंस."

पीठ डब्यात पडतानाच हाताला चटका बसे. जळलेल्या पिठाची विरी, म्हणजे चिकटपणा, जाते, हे भाकरी थापणाऱ्या कुठल्याही बाईला कळतं. ते का जळतं, एवढंच मला शोधायचं होतं.

गिरणीच्या दगडांना छिन्नीने टाके घालून खरखरीत करावं लागतं. त्याला टाकी लावणं म्हणतात. आमचे दगड झिजून पातळ झाले होते. मी टाकी लावून घेतली आणि दुसऱ्या दिवशी भर दळणात दिरांना मोटारीजवळ उभं केलं.

"हात लावून बघा."

त्यांनी लावला. मोटार कोमट होती. पीठही कोमट.

"आज गार हाय," ते म्हणाले.

"मोटार तीच आहे ना?"

"तीच की."

दोन दिवसांनी पुन्हा उभं केलं. टाके बोथट झाले होते. पीठ बारीक यावं म्हणून दिरांनी स्वतःच वरचा दगड खालच्यावर आवळला होता. मोटारीवर हात ठेवला आणि त्यांनी तो झटकन काढला.

"मग टाकी लावत ऱ्हावा," ते म्हणाले.

"दर दोन दिवसांनी? मग दळायचं कधी? आणि आता टाके घालायला दगड उरलाय कुठे?"

त्यांनी मोटार बंद केली. मग खरी गोष्ट बोलले. "वहिनी, मोटार आली की गावाला दिसंल. वाडीवाल्याला दिसंल. दगुड कुनाला दिसतो?"

"भाकरी दिसते," मी म्हटलं. "धाच्या मोटारीला हेच दगड लावले तर पीठ आणखी जोरात जळेल."

रविवार उलटून गेला. मोटार दुसऱ्या कुणी तरी नेली. आठ दिवस दीर माझ्याशी कामापुरतंच बोलले, आणि त्या आठ दिवसांत मी कांद्याच्या पैशांत मागवलेले दगड नगरहून टेम्पोने आले.

दगड बसवल्या दिवशी दारात पाच-सहा पाट्या लागल्या. दिरांना लगेच दळायचं होतं. नव्या दगडातून पहिल्यांदा कच पडते, ती जाईपर्यंत जनावरांचं धान्य भरडावं लागतं. मी पाट्या परत पाठवल्या.

"आलेलं गिऱ्हाईक परत लावता?" दीर चिडले. "आता समदी वाडीला जातील."

"जाऊ देत. आज कच दाताखाली आली तर कायमची जातील."

काही गेल्याही. दिवसभर आम्ही घरच्या जनावरांचा मका भरडला.

दुसऱ्या दिवशी त्या म्हातारीने शेरभर बाजरी आणली. विश्वास तेवढाच होता. पीठ मुठीत दाबून पाहिलं आणि ते घेऊन गेली. तीन दिवसांनी आली ती भरलेली पाटी घेऊन, मागे सून, तिच्या डोक्यावर दुसरी.

"वाडीची गिरणी बंद आहे का?" मी विचारलं.

"चालू हाय. मोटार बी लई मोठी हाय त्याची," ती म्हणाली. "पर वढा वलांडून जावं असं काय न्हाई तितं. घाल, बारीक काढ."

दिरांनी पाटी उचलून गिरणीच्या तोंडात ओतली. दगड किती आवळायचा, ते त्यांनी त्या दिवशी मला विचारलं.