खारीसाठी बांधलेलं जाळं

मंडळी, आज सकाळी मुलाने बाल्कनीत पाखरांच्या दाण्यांभोवती नायलॉनची जाळी बांधली. खार सगळे दाणे फस्त करते म्हणून. मी ती जाळी कात्रीने कापून टाकली. तो चिडला, "आई, तुला झालंय काय?" त्याला सांगता आलं नाही, म्हणून इथे लिहितेय.

ऐंशीच्या दशकातलं आमचं समुद्रकाठचं गाव, चिंचणी. बाबा मासेमारी करायचे. दिवाळीनंतर ते चिमण्यांसाठी ओटीवर भाताच्या लोंब्या टांगायचे आणि खार त्या कुरतडायची. एका वर्षी वैतागून त्यांनी लोंब्यांभोवती जुन्या जाळ्याचा तुकडा गुंडाळला. मच्छीमाराला दुसरं काय सुचणार?

दुपारी खार त्यात अडकली. बाबा धावले. रोज शेकडो मासे जाळ्यातून अलगद काढणारी त्यांची बोटं घाईघाईने दोरा सोडवू लागली. खार जितकी धडपडली, तितका दोरा आवळत गेला. सुटली तेव्हा गार पडली होती.

तिला ओंजळीत घेऊन बाबा म्हणाले, "या हातांना जित्तं सोडवायची सवय नाय गं पोरी."

माडावर तिची पिल्लं दोन दिवस ओरडत होती. तिसऱ्या दिवशी आवाज थांबला. बाबांनी पुन्हा कधी लोंब्या टांगल्या नाहीत.

माझा मुलगा आजोबांना फक्त फोटोतून ओळखतो. त्याला हे सांगू का?