पांढरी पावलं आणि माझा सायकल स्टँड

साल दोन हजार तेवीस. माझं वय बहात्तर. शिरूरच्या जुन्या कॉलेजच्या अंगणात मी उभा होतो आन् सांगत होतो, "व्हरांडा पाडायचा न्हाई."

माझी शाळा तिसरीपर्यंत. पण मी गवंडी. या कॉलेजची चाळीस वर्षांची डागडुजी माझ्या हातची. दगडी व्हरांडा माझ्या आधीचा, पण त्याच्या सांध्यांतला चुना माझा.

कॉलेज वाढवायचं होतं. पुण्याच्या आर्किटेक्ट मॅडमनी मास्टर प्लॅन आणला होता. म्हंजी पुढं कुठं काय बांधायचं, त्याचा एकच मोठा नकाशा. त्यात नवी इमारत नेमकी व्हरांड्यावर बसली होती.

"दुसरी जागाच न्हाई?" मी विचारलं.

प्रिन्सिपल सर हसले. "होती की. सायकल स्टँडची. पण आबा, मोजणीच्या दिवशी 'मी बांधलाय, हात लावायचा न्हाई' असं कोण म्हणालं?"

मीच म्हणालो होतो. आता माघार कशी घ्यायची?

"मला कागद कळत न्हाई. भुईवर दाखवा."

"भुईवर कसं?" मॅडम.

"फक्की टाकून."

फक्की म्हंजी चुन्याची पूड. पाया खणायच्या आधी तिनं रेघा मारतात. मॅडमनी मापं सांगितली, मी दोरी ताणली. रेघा मारल्या, जरा सढळ हातानं. तेवढ्यात तास सुटला. पोरं-पोरी रेघा तुडवत गेली आन् अंगणभर पांढरी पावलं उमटली.

मॅडम वाकून बघत राहिल्या. सगळी पावलं व्हरांड्यावर चढली होती. थोडी वर्गाकडं, बाकी कँटीनकडं.

"हा तर सगळ्यांचा रस्ता आहे," त्या म्हणाल्या. "इथे इमारत नको. व्हरांडा राहू दे."

मी मिशीवरून हात फिरवला.

"पण आबा, स्टँडकडे गेलेलं एक तरी पाऊल दाखवा."

शोधलं. एक सापडलं.

"ते कुत्र्याचं आहे," सर म्हणाले.

खरं होतं. पोरं आता मोटारसायकलवर येतात. माझ्या स्टँडच्या अरुंद दारातून गाडी आत जात नाही, म्हणून गेटाबाहेर लावतात. मॅडम हसल्या नाहीत, हे त्यांचं मोठेपण.

"इमारत स्टँडच्या जागी घ्या," मी म्हणालो.

कागदावर हट्ट खपतो. भुईवर खपत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी, मजूर यायच्या आधी, सरांना विचारून मी घण घेऊन गेलो. स्टँडची पहिली वीट मीच पाडली. चार घाव लागले. बांधकाम पक्कं होतं.