मी ऐकलेला होकार

पत्रक लिहिताना मी शंका ठेवत नाही. एका पानात वाचणाऱ्याला राग आला पाहिजे, नाहीतर ते पान शेंगदाण्याच्या पुडीला जातं. कापडाच्या दुकानांत दिवसभर उभ्या असणाऱ्या बायकांना बसायला स्टूल द्या, एवढीच आमच्या संघटनेची मागणी. ती खरी होती, आजही आहे. पत्रकातलं एक वाक्य मात्र खोटं होतं. ते मी लिहिलं आणि त्यापायी एका बाईची नोकरी गेली.

ती इथे म्हैसुरात, अग्रहार भागात राहते. मी तिला अक्का म्हणते. तिचे पूर्वज म्हैसूरच्या फौजेत आले आणि इथलेच झाले. तिची मराठी अर्धी कन्नड. माझे आईवडील नोकरीपायी पुण्याहून आलेले. "तू तोंड उघडलंस की बातम्या लागल्या वाटतं बघ," असं ती मला चिडवायची. साड्यांच्या एका दुकानात ती चौदा वर्षं उभी होती. तिच्या पोटऱ्यांवरच्या शिरा मी पाहिल्यात.

तिची मुलाखत मी फोनवर रेकॉर्ड केली. मालक बसू देत नाही ना? हौदु. पाय सुजतात ना? हौदु, हौदु. शिव्या देतो ना? हौदु. हौदु म्हणजे होय, एवढं कन्नड मला येतं. मी छापलं: 'मालक आम्हाला शिव्या देतो. अग्रहारातली एक विक्रेती.' नाव घातलं नाही म्हणून निश्चिंत होते. अग्रहारातून त्या दुकानात जाणारी ती एकटीच, हे मला ठाऊक नव्हतं, कारण मी विचारलंच नव्हतं. आठवड्याच्या आत मालकानं तिला घरी पाठवलं. आम्ही त्यावर दुसरं पत्रक काढलं, पहिल्याहून जहाल.

त्याच सुमारास मी बाहेरून मानसशास्त्रात एम.ए. करत होते. माणसांत काम करायचं तर डिग्री हवी, असं संघटनेतल्या दादांचं मत. मानसशास्त्राचा इतिहास हा पेपर म्हणजे मला मेलेल्या युरोपियन पुरुषांची यादी वाटायची. त्यात एक घोडा निघाला. शंभरेक वर्षांपूर्वी जर्मनीत या घोड्याला गणित येतं अशी ख्याती होती. उत्तर तो खूर आपटून द्यायचा. मग कुणीतरी नीट तपासलं. विचारणाऱ्यालाच उत्तर माहीत नसेल तर घोड्यालाही येत नव्हतं. तो समोरच्याचा चेहरा वाचत होता. बरोबर ठोक्याला माणसाची मान किंचित हलायची आणि घोडा थांबायचा. घोड्याचा मालक लबाड नव्हता. आपण खूण करतो हे त्याच्या गावीही नव्हतं.

अक्काला मी घोडा म्हणत नाही. तो मालक मी होते. रेकॉर्डिंग पुन्हा लावलं. प्रत्येक प्रश्नाच्या शेपटाला 'ना'. शिव्यांच्या प्रश्नावर अक्का म्हणते, "हौदु... तो काय म्हणतो माहितीये..." आणि तिथेच माझा आवाज, "बरोबर, बरोबर," आणि पुढचा प्रश्न.

मी तिच्या घरी गेले. ती तांदूळ निवडत होती.

"अक्का, तो नेमकं काय म्हणतो?" या वेळी 'ना' गिळला आणि नजर सुपात ठेवली.

"शिव्या कुठे ग, आवाजसुद्धा चढवत नाही तो. पाय दुखतात म्हटलं की हसून म्हणतो, घरी बसा, घरी भरपूर जागा आहे."

"मग त्या दिवशी हौदु का म्हणालात?"

"तू बोलत होतीस. समोरचं माणूस बोलतं तेव्हा म्हणतात. सुम्ने, उगीच. ऐकतेय म्हणून."

हसून म्हटलेलं ते वाक्य कुठल्याही शिवीपेक्षा नीच होतं. पत्रकात तेच हवं होतं. मी ते तिच्या तोंडातच अडवलं होतं.

मालक शिव्या देत नाही, अशी दुरुस्ती छापू म्हटल्यावर दादा म्हणाले, "मालकाच्या हातात कोलीत देतेस. चळवळ एका वाक्यापेक्षा मोठी असते."

"अक्कापण," मी म्हटलं.

शेवटी माझ्या एकटीच्या नावानं छापली आणि दुकानात नेऊन दिली. अक्काला परत घ्या, असं मी मालकाला म्हणाले. मालकानं कागद शांतपणे वाचला, जागा भरली म्हणून सांगितलं. दुसऱ्या दिवशी माझा कागद त्याच्या गल्ल्यामागे चिकटवलेला होता. आता गिऱ्हाईकं तो वाचतात आणि स्टुलाची मागणीही खोटीच समजतात. बायका उभ्याच आहेत.

हल्ली मी प्रश्न लहान ठेवते. लिहिलेलं बोलणारीला वाचून दाखवते, यात काय चुकलंय ते विचारते, आणि गप्प बसते. गप्प बसणं अवघड जातं. आईला हे सांगितलं तर ती म्हणाली, "तू विचारतेस कुठे? वदवून घेतेस. मी तर भांडण नको म्हणून हो म्हणते." ती किती वर्षं अशी हो म्हणतेय, हे विचारायची मला हिंमत झाली नाही.

कामात सुधारणा झाली, असं संघटनेत सगळे म्हणतात. त्या सुधारणेतून अक्काला नोकरी मिळाली नाही. तीन दुकानांत तिला 'पत्रकवाली तुम्हीच का' असं विचारलं. परवा दुसऱ्या बाजारात एक जागा निघाली. मी सोबत येते म्हटलं. तिनं पदर खोचला, चपला घातल्या.

"तू नको येऊस," ती म्हणाली.